गाव ज्यांचं, काम त्यांच्या हाती



जुनं शहर दुरुस्त करायचं म्हटलं की सरकार आलं, इंजिनिअर आले, ठेकेदार आले. पण तिथे राहणाऱ्यांना विचारतं कोण? आज ऐकूया नेपाळमधल्या भक्तपूरची गोष्ट.

काठमांडूच्या खोऱ्यातलं भक्तपूर ही मल्ल राजांची राजधानी. लाल विटांची घरं, नक्षीदार लाकडी खिडक्या, चौकाचौकात देवळं. राजा भूपतींद्र मल्ल यांनी १७०२ साली बांधलेलं पाचमजली न्यातपोल मंदिर आजही उभं आहे.

एवढं सगळं शतकानुशतकं सांभाळलं कुणी? तिथल्या नेवार समाजात 'गुठी' नावाची जुनी पद्धत आहे. देवळाच्या किंवा धर्मशाळेच्या नावाने जमीन ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून दुरुस्ती, पूजा, जत्रा करायची. जबाबदारी ठरलेल्या घरांची. आपल्या बचत गटासारखंच, फक्त गुठीत बहुतेक पुरुषच असत. १९६४ साली सरकारने गुठी संस्थान स्थापन केलं, बऱ्याच जमिनी त्याच्याकडे गेल्या आणि अनेक गुठ्यांचं उत्पन्न आटलं. हातात पैसा नाही, तर दुरुस्ती कशी होणार?

१९७४ ते १९८६ या काळात जर्मनीच्या मदतीने भक्तपूरमध्ये मोठं काम झालं. देवळं दुरुस्त झाली, गल्ल्यांना फरशी आली, गटारं झाली. पुढे परदेशी पाहुण्यांकडून प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात झाली. तो पैसा पालिकेकडे येतो आणि जुन्या वास्तूंवर खर्च होतो.

मग २५ एप्रिल २०१५ चा भूकंप झाला. देवळं कोसळली, हजारो घरं पडली. पुन्हा बांधायचं, पण कुणी? नेहमीची रीत म्हणजे टेंडर काढायचं आणि सर्वांत कमी दर भरेल त्याला काम द्यायचं. भक्तपूरने बरीच कामं वस्तीतल्या 'उपभोक्ता समित्यां'कडे दिली. माणसं त्याच वस्तीतली, सुतार-गवंडी ओळखीचे, हिशेब लोकांसमोर. अशा समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, असा नेपाळचा नियम आहे. बायकांनी विटा-माती वाहून श्रमदानही केलं.

काठमांडूतल्या राणी पोखरीचं काय झालं, तेही ऐका. १६७० साली राजा प्रताप मल्ल यांनी पुत्रशोकात बुडालेल्या राणीसाठी हे तळं बांधलं. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत तिथे काँक्रीट आलं. लोकांनी विरोध केला, काम थांबलं. मग वीट आणि काळ्या मातीने तळं पुन्हा बांधलं आणि त्या कामाला भक्तपूरच्या बायका आल्या. मातीचं तळं कसं बांधायचं, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. मैत्रिणींनो, आपण ज्याला मजुरी म्हणतो, ते ज्ञान असतं.

सगळंच सोपं नव्हतं. भावाभावांत उभी वाटणी झालेली घरं, एका भिंतीला दोन मालक. एकाची संमती नसली की दुसऱ्याचं काम अडलं. सरकारने घरासाठी तीन लाख नेपाळी रुपये हप्त्यांनी दिले, पण जमिनीचा कागद नावावर नसेल त्याला ते मिळणं कठीण. जुन्या पद्धतीची वीट आणि लाकूड महाग. म्हणून पारंपरिक घर बांधणाऱ्याला भक्तपूरची पालिका अनुदान देते. नुसतं "जुनं जपा" म्हणून भागत नाही. जपण्याचा खर्च एकट्या घरावर टाकला, तर माणूस सिमेंटचंच घर बांधणार.

लोकसहभाग म्हणजे सभेला बोलावून सही घेणं नव्हे. पैसा कुठे गेला हे विचारता येणं, काम कुणाला द्यायचं हे ठरवता येणं आणि चुकीचं काम थांबवता येणं, हा सहभाग.

आपल्या गावातही जुनी वेस असेल, पायऱ्यांची विहीर असेल, पेठेतले वाडे असतील. त्यांच्या दुरुस्तीचा विषय ग्रामसभेत किंवा पालिकेत निघाला, की तीन प्रश्न विचारा. समितीत बायका किती? हिशेब कुठे पाहायला मिळेल? आणि तिथे राहणाऱ्या भाडेकरूंचं, विधवा बाईचं काय होणार? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.