वशिला नव्हे, ओळख!

गेल्या गणपतीत आमची कन्या कॉलेजातून दोन दिवस घरी आली होती. मोदक खाताना म्हणाली, "बाबा, या सेमिस्टरला एक कोर्स कमी घेते. प्रोफेसरांच्या लॅबमध्ये काम करायचंय. चार ओळखी होतील, रेझ्युमेत लिहिताही येईल."

'ओळखी' शब्द ऐकला आणि माझ्यातला मध्यमवर्गीय मराठी बाप खडबडून जागा झाला. "ओळखीनं नोकऱ्या मिळवायला नाही शिकवलं आम्ही तुला!" मी बोलून गेलो. ती गप्प झाली. मोदकही अर्धाच राहिला.

मंडळी, आपल्या पिढीच्या लेखी ओळख म्हणजे वशिला, आणि वशिला म्हणजे पाप! पण ती परत गेल्यावर मला आठवलं ते पालो आल्टोतलं, ३६७ ॲडिसन ॲव्हेन्यूवरचं गॅरेज. देशातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी 'सिलिकन व्हॅलीचं जन्मस्थान' म्हणून ते रस्त्यावरून दाखवतो. त्या गॅरेजचा इतिहास मात्र मी कधी नीट सांगितलाच नव्हता.

बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकर्ड हे दोघे स्टॅनफर्डचे विद्यार्थी. १९३४ साली पदवीधर झाले. मंदीचे दिवस होते. पॅकर्ड नोकरीसाठी जनरल इलेक्ट्रिकमध्ये, थेट न्यूयॉर्क राज्यात गेला. गोष्ट तिथेच संपायची. पण त्यांचे प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन या दोघांना विसरले नव्हते. वर्गात, प्रयोगशाळेत त्यांनी दोघांचं काम पाहिलं होतं. १९३८ मध्ये त्यांनी पॅकर्डसाठी शिष्यवृत्तीची सोय केली आणि त्याला परत बोलावून घेतलं.

१९३९ च्या १ जानेवारीला दोघांनी रीतसर भागीदारी केली. भांडवल किती? ५३८ डॉलर्स! आणि पहिलं उत्पादन कोणतं? टर्मन यांच्याकडे शिकताना ह्यूलेटनं केलेला ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येचा विद्युत संकेत देणारं उपकरण. एक साधा छोटा दिवा वापरून त्यानं तो स्थिर आणि स्वस्त केला होता. कॉलेजातला प्रयोग हाच त्यांचा रेझ्युमे ठरला. गंमत म्हणजे त्यांनी मॉडेलला नाव दिलं '२०० ए', कंपनी अगदीच नवखी वाटू नये म्हणून! पुढे वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनं १९४० च्या 'फँटेझिया' चित्रपटाच्या कामासाठी सुधारित '२०० बी' आठ नग विकत घेतले.

हेच पुन्हा १९८२ मध्ये घडलं. स्टॅनफर्डचा विद्यार्थी अँडी बेख्टोल्सहाइम याने विद्यापीठाच्या नेटवर्कसाठी एक संगणक तयार केला होता. आपल्या पुण्यात जन्मलेले विनोद खोसला यांनी तो हेरला आणि बिझनेस स्कूलमधला मित्र स्कॉट मॅकनिली याला सोबत घेतलं. बर्कलीहून बिल जॉय आला. कंपनीचं नाव 'सन', म्हणजे 'स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क'ची आद्याक्षरं! २०१० मध्ये ती ओरॅकलनं घेतली.

यात वशिला कुठे होता? वशिल्यात काम न पाहता शब्द टाकला जातो. इथे आधी काम पाहिलं गेलं, मग शब्द टाकला गेला.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटली. मी एमएस करायला आलो तेव्हा माझा रेझ्युमे चार पानी होता. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, दहावीचे टक्के, सगळं होतं! एका सीनियर मित्रानं लाल पेनानं तीन पानं खोडली. उरलेल्या एका पानावर शंभर ठिकाणांहून नकार आले. शेवटी नोकरी मिळाली ती माझ्या प्राध्यापकांनी केलेल्या एका फोनमुळे. मी रात्री-रात्री त्यांच्या लॅबमध्ये राबत होतो, ते त्यांनी पाहिलं होतं. इतकी वर्षं मी मात्र सगळ्यांना सांगत आलो, "आम्ही कोणाच्या ओळखीशिवाय उभे राहिलो!"

परवा कन्येला फोन केला. म्हटलं, "एक कोर्स कमी घे. पण लॅबमध्ये नुसत्या ओळखी करू नकोस, काम कर. ओळख आपोआप होईल."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बाबा, मी तेच म्हणत होते. तुम्ही मोदक संपवू दिला असतात तर सांगितलं असतं!"