प्राध्यापकाचे संशोधन : एक मराठी उदाहरण



मराठीच्या अध्यापकाने यंत्र-अभियांत्रिकीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु इंदूरला हा विषय परका नाही. १९५२ साली येथे श्री गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. २००९ मध्ये आय.आय.टी. आली. अशा संस्थांतील प्राध्यापकाचे संशोधन कशाने मोजावे? निबंधांची संख्या हे माप सोयीचे खरे. पण ते पुरेसे आहे काय? एका मराठी प्राध्यापकाची कारकीर्द समोर ठेवून याचा विचार करू.

सुहास पाटणकर १९६२ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. १९६४ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.ची पदव्युत्तर पदवी घेऊन ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले आणि प्रा. ब्रायन स्पाल्डिंग यांच्या मार्गदर्शनाखाली १९६७ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ते यंत्र-अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले.

त्यांच्यापुढचे कोडे असे होते. वाहत्या द्रवाचा वेग काढायचा, तर दाब ठाऊक हवा. आणि दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. १९७२ साली पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी सुचविलेला मार्ग ‘सिंपल’ या नावाने ओळखला जातो. प्रवाहाचे लहान लहान कप्पे कल्पावेत. आधी दाबाचा अंदाज करावा, त्यावरून वेग काढावा, मग प्रत्येक कप्प्यात जितके पाणी आले तितकेच बाहेर पडते की नाही, हे पाहावे. हिशेब जुळत नसेल, तर त्या तफावतीवरूनच दाब सुधारावा आणि पुन्हा आरंभ करावा. चूक लपवायची नाही, तिलाच वाटाड्या करायचे, हे या रीतीचे मर्म.

या रीतीत दाबाची दुरुस्ती प्रमाणाबाहेर होते, हा तिचा दोष. पाटणकरांनी तो झाकला नाही. त्याची कारणे सांगून सुधारित रीत मांडली. ती १९८० च्या त्यांच्या ‘न्यूमरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो’ या ग्रंथात आहे. ग्रंथ आकाराने लहानच. परंतु गणिताचे अवडंबर न माजविता, प्रत्येक पायरीमागचा भौतिक अर्थ उलगडून सांगणारा. भट्टी, टर्बाइन, विद्युत उपकरणांचे शीतन अशा कामांत गुंतलेल्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. आज संगणकावर प्रवाहाचे गणित मांडणाऱ्या अनेक प्रणालींत त्या रीतीचे वंशज आहेत; वापरणाऱ्याला मूळ नाव ठाऊक असतेच असे नाही.

मला वाटते, प्राध्यापकाच्या संशोधनाचे खरे माप येथे सापडते. शोध एकट्याचा राहिला, तर तो पराक्रम; दुसऱ्याच्या हाती चालू लागला, तर ती विद्या. त्यासाठी स्वच्छ विचारांइतकीच स्वच्छ भाषा लागते. संशोधन आणि अध्यापन यांना सवती मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. पाटणकरांच्या कारकिर्दीत समजावून सांगणे हा संशोधनाचाच उत्तरार्ध ठरला. निबंधांची नुसती मोजदाद करणाऱ्या पद्धतीत या उत्तरार्धाला जागा नाही, आणि तोटा होतो तो विद्यार्थ्यांचा.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांच्या नावावर कोणताही शोध नाही. पण चुकलेले गणित न खोडता, त्याखालीच पुन्हा सोडवायला लावणाऱ्या शिक्षकांच्या परंपरेतले ते होते. संशोधनाचा पहिला पाठ तोच. तो देणाऱ्यांस माझे वंदन.