बंदूक आणि आजीची कनवट

गेल्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात स्वाध्याय संपला आणि वर्तमानपत्रातल्या एका वाईट बातमीवर बोलणं निघालं. कॉलेजात शिकणारी एक पोरगी ताडकन म्हणाली, “काकू, अमेरिकेत घटनेनंच बंदूक बाळगायचा हक्क दिलाय. आपल्या घटनेनं का नाही दिला?” कुणीतरी म्हणालं, “अगं, आपण जैन. आपल्याला कशाला बंदूक?” विषय तिथंच मिटला. मला मात्र तो मिटवता येईना. कारण हा हक्क आपल्या देशातही एकेकाळी मागितला गेला होता.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारनं दोन कायदे केले. एकानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घातलं, दुसऱ्यानं हत्याराला परवाना सक्तीचा केला. वर्तमानपत्रांचा कायदा लवकरच गेला, हत्यारांचा राहिला. त्यात युरोपियनांना सूट होती. म्हणजे साहेबाची बंदूक शिकारीची आणि आपल्या माणसाची बंडाची! लोकांना सलत होता तो हा पंक्तिप्रपंच.

म्हणून तर अहिंसेचं व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ मध्ये या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत गणलं. १९३० साली त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यात मिठावरचा कर रद्द करा ही मागणी होती, तशीच स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या हीसुद्धा होती. १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क नागरिकाला दिला.

मग स्वराज्य आलं. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत हरि विष्णू कामतांनी हाच हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. वाटेल त्यानं बाजारातून वाटेल ते हत्यार विकत आणलं तर सरकार चालायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. देशावर संकट आलं तर शस्त्र उचलणं हे नागरिकाचं कर्तव्य, असं ते म्हणाले. दुरुस्ती फेटाळली गेली. फाळणीची कत्तल ताजी होती, आणि गांधीजींचा जीव पिस्तुलानं गेल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

आज कलम १९ मध्ये एकत्र जमायचा हक्क आहे, तो ‘शांततेने आणि शस्त्रांविना’. शिखांच्या कृपाणाला कलम २५ मध्ये मान आहे. बाकी सारं १९५९ च्या कायद्यानं आणि परवान्यानं. अमेरिकेत हत्याराचा हक्क १७९१ पासून घटनेत बसला, आणि तो कुणाचा, किती, यावर तिथं अजून वाद चालूच आहेत.

आता त्या पोरीला काय सांगू? माझ्या आजोळी उसात रानडुकरं शिरायची, म्हणून आजोबांकडं परवान्याची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. एरवी ती कपाटात असायची आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला. दुधाचे पैसे, धान्याची कोठी, सगळ्याच्या किल्ल्या आजीच्या कनवटीला. ही एक सोडून. उद्या घटनेनं हक्क दिला तरी घराघरांत बंदूक कुणाच्या हाती राहील, हे बायकांना सांगायला नको. आणि बाईला मारणारा हात पुष्कळदा घरातलाच असतो.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार ही विरोधी हिंसा, ती गृहस्थाला टळत नाही असं मानलंय. तेव्हा ‘आपण जैन’ म्हणून त्या पोरीला गप्प बसवणं बरोबर नव्हतं. परवाना मागायची तिला मुभा आहेच. पण बाबासाहेबांच्या सवालाची दुसरी बाजूही आहे. हत्यार सरकारच्या हाती ठेवायचं, तर रात्री साडेनऊच्या बसनं उतरलेली पोर सुखरूप घरी पोचवणं हे सरकारचं देणं झालं. आपण हक्क सोडला तो या बोलीवर. ते देणं फिटलेलं नाही, आणि ते मागायला परवाना लागत नाही.