‘नाही’ आणि ‘अजून नाही’

काही वर्षांपूर्वी एका गावात बालकांच्या तपासणीचं शिबिर होतं. बातमी मीच केली. किती बालकं तपासली, पाहुणे कोण, फोटो. निघताना दाराशी एक आई म्हणाली, “दादा, ह्यो हाक मारली तरी वळून बघत न्हाई.” मी म्हणालो, “मुलं उशिरा शिकतात हो.” आजही ते वाक्य टोचतं. कारण मी जे केलं, तेच डॉक्टरी शास्त्रानंही बरीच वर्षं केलं होतं.

अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नोल्ड गेसेल यांनी १९११ साली बालविकासाचं क्लिनिक काढलं. पुढे तिथे घुमटासारख्या खोलीत मूल ठेवून बाहेरून चित्रीकरण व्हायचं. कोणत्या महिन्यात मूल काय करतं, हे आज आपण जे सांगतो त्याचा मोठा पाया तिथला. पण बघणारा तज्ज्ञ. १९६७ ला डेन्व्हरची चाचणी आली, लाल लोकर, मनुका, ठोकळे असं साहित्य घेऊन. दवाखान्यात सोपी, पण अनोळखी माणसासमोर पोर रडायला लागलं की संपलं!

आई रोज बघते, मग तिलाच का विचारू नये? हिल्डा नॉब्लॉक या बालरोगतज्ज्ञ गेसेल यांच्याच परंपरेतल्या. पालकांनी दिलेली माहिती कितपत भरवशाची, यावर त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९७९ ला छापून आला. त्याच सुमारास ओरेगन विद्यापीठात डायन ब्रिकर, जेन स्क्वायर्स यांनी पालकांनीच भरायची प्रश्नावली घडवायला घेतली. ती १९९५ ला ‘एजेस अँड स्टेजेस’ नावाने बाजारात आली. बोलणं, चालणं-धावणं, हाताची बारीक कामं, अडचण सोडवणं, माणसांत वागणं, प्रत्येकी सहा प्रश्न. उत्तरं तीन: हो, कधी कधी, अजून नाही. गुण १०, ५, ०.

‘नाही’ असं उत्तरच नाही, ‘अजून नाही’ आहे. आपल्याकडे सुनेनं ‘पोरगं बोलत नाही’ म्हटलं की घरात वादळ. ‘अजून बोलत नाही’ हे तिला सासूसमोरही म्हणता येतं.

अर्थात ही चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलं म्हणजे आजार ठरला असं नाही, पुढची तपासणी हवी एवढंच.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं, आणि विकासातला विलंब तपासायला फॉर्मवर वयानुसार प्रश्न. उत्तर ज्याच्याकडे आहे तो माणूस मात्र समोर लागतो. म्हणून तपासणीच्या दिवशी मुलाला नुसतं शेजारणीबरोबर पाठवू नका. आईनं जावं, नाहीतर जी आजी सांभाळते तिनं. काय खटकतं ते आपणहून सांगा. ‘बापपण उशिरा बोलला होता’ म्हणून कुणी उडवून लावलं, तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा.

त्या आईचं नावही मी विचारलं नव्हतं. पोरगं आता शाळेत असेल.