भित्तिचित्रे : आधी ओल पाहावी, मग रंग

पडीक भिंत रंगविली म्हणजे तिच्या पायथ्याशी पडणारा कचरा थांबतो काय? छत्रपती संभाजीनगरला हा प्रश्न नवा नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोला परिसरातील ग्रामस्थांनी विरोध करून गाड्या अडविल्या आणि पुढे कित्येक आठवडे शहराच्या चौकाचौकांत ढीग साचत राहिले. जिथे कुणाचे दार उघडत नाही आणि खिडकीतून कुणी हटकत नाही, तिथेच पिशवी भिरकावली जाते, हे त्या काळात प्रत्येक वॉर्डाने पाहिले. अशा बेवारस भिंतींवर वस्तीतील मुले व तरुण यांना बरोबर घेऊन काढलेल्या चित्रांना सामुदायिक भित्तिचित्रे म्हणतात. जाहिरातीने रंगलेली किंवा निविदा काढून रंगवून घेतलेली भिंत या प्रकारात मोडत नाही.

हा फरक शहराने अलीकडेच अनुभवला. जी-२० अंतर्गत डब्ल्यू-२० या महिलाविषयक गटाची पहिली बैठक २७ व २८ फेब्रुवारी २०२३ रोजी येथे झाली. पाहुणे येणार म्हणून रस्ते, दुभाजक आणि भिंती सजल्या. काम झटपट झाले, दिसायलाही देखणे झाले. मात्र पाहुण्यांच्या वाटेवरची भिंत आणि गल्लीच्या टोकाची भिंत यांची गरज एक नसते. पहिलीला मुहूर्त असतो, दुसरीला राखणदार लागतो.

राखणदार कसा तयार होतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे आहे. तेथील टुहुंगा वॉश हा पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी काँक्रीटने बांधून काढलेला प्रवाह. त्याच्या ओसाड भिंतीवर चित्रकार जुडी बाका यांनी १९७६ मध्ये काम सुरू केले. हाताशी घेतली ती चारशेहून अधिक मुले. त्यांपैकी अनेक जण किरकोळ गुन्ह्यांत सापडलेले आणि एकमेकांच्या टोळ्यांशी वैर असलेले होते. उन्हाळ्याच्या सुटीत, प्रवाह कोरडा असताना, त्यांनी कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगविला. त्यात मूळ रहिवासी आले आणि पाठ्यपुस्तकात जागा न मिळालेले स्थलांतरितही आले. पाच उन्हाळ्यांत ही भिंत सुमारे ८४० मीटर लांब झाली. २०११ मध्ये तिची डागडुजी झाली. फिलाडेल्फियातही १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या तरुणांच्याच हाती जेन गोल्डन यांनी कुंचला दिला.

आपल्या शहराला हे उदाहरण जवळचे वाटावे, कारण येथेही खाम नदी वस्त्यांच्या पाठीमागून, गटार समजली जात वाहत आली. महापालिका, छावणी परिषद व स्वयंसेवी संस्थांनी तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. काठ मोकळा करणे यंत्राने साधते. तो मोकळा राहणे मात्र काठावरच्या मुलांवर अवलंबून असते.

महाराष्ट्रात ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईच्या तुळशी पाइप रोडवरील रेल्वेलगतची लांबलचक भिंत महापालिकेच्या पुढाकाराने नागरिकांना खुली झाली आणि शेकडो जणांनी आपापले तुकडे रंगविले. चंद्रपूर व बल्लारशाह स्थानके स्थानिक कलावंतांनी सजविली, तर २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभन स्पर्धेत त्यांना पहिला क्रमांक मिळाला. २०१७ मध्ये घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरील झोपड्या स्वयंसेवकांनी व रहिवाशांनी रंगविल्या. मेट्रोतून ही टेकडी मनोहर दिसते. छत गळते, पाणी नाही, त्याचे काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो योग्यच होता. रंग हा नळाला पर्याय नव्हे.

प्रत्यक्ष कामात चित्र काढणे हा सर्वांत सोपा भाग. भिंतीचा मालक कोण, ती महापालिकेची, बांधकाम विभागाची, छावणीची की खासगी, हे आधी शोधावे लागते. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा लक्षात घेता लेखी परवानगी घेतलेली बरी. मग ओल पाहायची. मागच्या बाजूला गटार तुंबलेले असेल, तर कितीही महागडा रंग पहिल्याच पावसाळ्यात फुगून पोपडे धरतो. म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे महिने निवडावेत. भिंत खरवडून धुवावी, भेगा बुजवाव्यात, प्रायमर पूर्ण वाळू द्यावा आणि त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीचाच रंग घ्यावा. कागदावरच्या चित्रावर चौकटी आखून त्याच मापाने भिंतीवर खडूने चौकटी पाडल्या, की दहा वर्षांचे मूलही आपला चौकोन बिनचूक भरते. एका अनुभवी कलाशिक्षकाने बाह्यरेषा सांभाळली तरी पुरते.

रंग निवडतानाही विचार हवा. पश्चिमेच्या उन्हात भडक गुलाबी व पिवळे रंग लवकर विटतात. गेरू आणि पिवळी माती टिकतात. याची साक्ष शंभर किलोमीटरवर अजिंठ्यात आहे. तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन बहुतांशी खनिज रंग वापरले गेले. अर्थात ती चित्रे उन्हापावसात नव्हती, हे विसरून चालणार नाही.

एक पथ्य या शहरात विशेष पाळावे लागेल. येथील जुने दरवाजे, तटबंदीचे अवशेष आणि चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती यांना कुंचला लावू नये. आधुनिक रंगाचा थर बसला, की दगड व चुन्यातील ओल आत कोंडते आणि बांधकाम भुरभुरू लागते. रंगविण्यासाठी सिमेंटच्या बोडक्या भिंती शहरात भरपूर आहेत.

विषय कोण ठरवितो, यावर पुढचे बरेच ठरते. घोषवाक्ये आणि ठरावीक झाडे-पक्षी काढून घेतले, तर मुले केवळ बिनपगारी रंगारी होतात. त्यांना आजीकडून मोहल्ल्याच्या नावाची गोष्ट विचारून आणायला सांगितले, तर चित्रात हिमरूचा माग येईल, पाणचक्की येईल, कोपऱ्यावरचा नानवाला येईल. आणि अंदाजपत्रक करताना भिंतीसाठी लागणाऱ्या रंगापेक्षा एकेक डबा जास्त घेऊन तो शाळेत किंवा मंडळाच्या खोलीत ठेवावा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालचे दोन फूट हमखास पुन्हा रंगवावे लागतात.