गुल्म: गावाचा आणि पोटातला

वाशीम हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचं गाव. तेव्हाचं नाव वत्सगुल्म. १९३९ साली वाशीमलाच सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात ते आहे. प्राकृतात त्याचं वच्छोम झालं, पुढे वाशीम.

गुल्म म्हणजे झुडपांची जाळी. सैन्याची तुकडीही गुल्मच. दाटीनं एकत्र आलेलं ते गुल्म, म्हणून वैद्यांनी पोटात हाताला लागणाऱ्या गोळ्यालाही तेच नाव दिलं. चरकसंहितेत त्याचे पाच प्रकार आहेत. पाचवा रक्तगुल्म, फक्त बायकांना होणारा. त्याला आजचा कॅन्सर म्हणता येणार नाही. पण त्याची लक्षणं गर्भारपणासारखी, म्हणून चरक बजावतो: दहावा महिना उलटल्यावरच उपचार करा. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी ओळखायला काळ हीच कसोटी होती.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे बोलीतल्या ‘पिशवीच्या कॅन्सर’मध्ये, तोच पेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गाठी सारख्या दिसतात. शस्त्रक्रियेनंतर एक उलटते, दुसरी नाही. २०१३ साली या गाठींचे जनुकीय बदलांवरून चार गट पाडले गेले आणि २०२३ मध्ये ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं रोगाचे टप्पे ठरवताना त्यांना जागा दिली. आरएनएवरचं संशोधन आणखी आत डोकावतं: पेशीतली कोणती जनुकं आत्ता कामाला लागली आहेत, ते आरएनएच्या प्रमाणावरून कळतं. त्यातून रोगाची पुढची चाल सांगणारी जैवचिन्हकं शोधली जाताहेत. रोजच्या उपचारांत ती अजून रुळलेली नाहीत.

ही पुढची चाल सांगायला चरकाकडे चार शब्द होते: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य, अनुपक्रम. मराठीनं साध्य आणि असाध्य एवढेच ठेवले. हरवला तो याप्य. ‘कालयापन’मधलाच हा धातू. समूळ जात नाही, पण उपचारांच्या आधारानं दिवस काढता येतात, तो रोग याप्य. ‘असाध्य’ ऐकून खचणाऱ्या घराला हा मधला शब्द हवा आहे.

अर्थात, साध्य की याप्य हे ठरण्याआधी दुखणं सांगितलं जायला हवं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त ‘अंगावर जाऊ’ लागलं, तर ती या कॅन्सरची सगळ्यांत ओळखीची खूण असते. दर वेळी कॅन्सरच निघतो असं नाही. पण तपासणीला दहा महिने थांबायचं कारण आता उरलेलं नाही.