प्रकाश टाकून मेंदूचं काम कसं मोजतात?

एमआरआय मशीनमध्ये अजिबात न हलता पडून राहावं लागतं. मग हातपाय झाडणाऱ्या, जाग्या बाळाचा मेंदू कसा अभ्यासायचा? संशोधक त्यासाठी 'एफनिर्स' हे तंत्र वापरतात.

यात डोक्यावर टोपी घालतात. टोपीतले छोटे दिवे डोळ्यांना जवळपास न दिसणारा अवरक्त प्रकाश आत सोडतात आणि परत आलेला प्रकाश सेन्सर मोजतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ऑक्सिजनयुक्त रक्त वाढतं. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन प्रकाश वेगवेगळा शोषतं. त्यावरून कोणता भाग कामात आहे ते कळतं.

२००३ मध्ये इटलीत नवजात बाळांना बोलण्याची ध्वनिफीत सरळ आणि उलटी ऐकवली गेली. सरळ बोलणं ऐकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा प्रतिसाद जास्त होता.

हे यंत्र खेडेगावातही नेता येतं. आफ्रिकेतल्या गांबिया देशात केनेबा गावातल्या बाळांच्या मेंदूची वाढ 'ब्राइट' प्रकल्पात असंच टोपी घालून अभ्यासली गेली. उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागातही असा अभ्यास झाला आहे. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांनाही हे तंत्र चालतं, कारण यात चुंबक नसतो.

पण हा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोहोचतो. दाट, काळे केस तो अडवतात, त्यामुळे असे केस असलेल्यांची मोजणी बऱ्याचदा नीट होत नाही आणि ते अभ्यासातून गळतात. शिवाय ही टोपी रक्तातला बदल मोजते. मनातले विचार तिला वाचता येत नाहीत.